लाकडाला तेल लावताना नेमकं काय होतं?

पोळा जवळ आला की नागपूरच्या घराघरांत माळ्यावरचे लाकडी नंदी खाली उतरतात. लहान मुलांनी लाकडी नंदी मिरवायच्या तान्ह्या पोळ्याची ही रीत नागपूरच्या दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांच्या काळापासूनची मानली जाते, आणि काही घरांतले नंदीही तीन-तीन पिढ्या जुने आहेत. वर्षभर माळ्यावर पडलेलं लाकूड फिकं दिसतं. मग घरातलं कोणीतरी सांगतं, "थोडं तेल चोळा, चमक येईल." हाताशी असेल ते तेल घेतलं जातं, फल्लीचं म्हणजे शेंगदाण्याचं, किंवा खोबरेल. दोन दिवस नंदी चमकतो. मग त्यावर धूळ बसू लागते, हात लावला की बोटं ओशट होतात, आणि फल्ली तेल असेल तर काही महिन्यांनी खवट वास सुटतो.

हाच घोळ मोठ्या वस्तूंच्या बाबतीतही होतो. २०२३ मध्ये नव्या संसद भवनासाठी आणि अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी आपल्याकडचं सागवान गेल्याच्या बातम्या आल्या, तेव्हापासून घरातल्या जुन्या सागवानी वस्तूंकडे लोक नव्याने पाहू लागले आहेत. नागपूरच्या महाल भागातला वाडा पाडताना निघालेलं दार किंवा आजीचा पलंग, 'नीट करून घेऊ' म्हणून सुताराकडे जातो. मिस्त्री म्हणतो, पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश, मारून घ्या. मोबाईलवरचे व्हिडिओ म्हणतात, ऑईल फिनिश करा, लाकूड श्वास घेतं. फिनिश म्हणजे लाकडाला पाणी, मळ आणि ओरखड्यांपासून वाचवण्यासाठी दिलेला शेवटचा हात. तो तेलाचा द्यायचा असेल, तर आधी एक समजूत मनातून काढावी लागते. लाकूड तहानलेलं नसतं. झाड तोडलं तेव्हाच त्याचं खाणंपिणं संपलं. तेल लावायचं ते लाकडाला पाजण्यासाठी नाही. ते तिथे वाळून कडक व्हावं यासाठी. जे तेल कडक होत नाही, ते फिनिश नाही.

तेल वाळतं म्हणजे काय होतं?

पाणी वाळतं तेव्हा उडून जातं. तेल उडून जात नाही. काही तेलं हवेतला ऑक्सिजन ओढून घेतात आणि द्रवाची घन होतात. त्यामुळे वाळताना त्यांचं वजन कमी होण्याऐवजी थोडं वाढतं. हे आपण रोज स्वयंपाकघरात पाहतो. सोयाबीन तेलाच्या डब्याच्या तोंडाशी जो पिवळट चिकट थर साचतो आणि साबणानेही सहज निघत नाही, ते अर्धवट वाळलेलं तेलच असतं.

प्रत्येक तेल असं वागत नाही. तेलाच्या रेणूंच्या लांब साखळ्यांत काही ठिकाणी दुहेरी जोड असतात. ऑक्सिजन या जोडांच्या आसपास शिरतो आणि शेजारचे रेणू एकमेकांत कायमचे गुंततात. दुहेरी जोड जितके जास्त, तितकं तेल लवकर आणि कडक वाळतं. हे मोजायला रसायनशास्त्रात आयोडीन मूल्य वापरतात, म्हणजे १०० ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन शोषतं तो आकडा. खोबरेलाचा आकडा १० च्या आसपास, फल्लीच्या तेलाचा शंभराच्या आत-बाहेर, सोयाबीनचा १३० च्या जवळपास आणि जवसाचा १७० ते २००. साधारण १३० च्या वरची तेलं वाळतात. सीमेवरची तेलं चिकट होऊन तिथेच थांबतात. खोबरेल वर्षभर ठेवलं तरी खोबरेलच राहतं.

म्हणून जगभर लाकडाला, क्रिकेटच्या बॅटला आणि चित्रकाराच्या ऑईल पेंटमध्ये शतकानुशतकं प्रामुख्याने जवसाचं तेल वापरलं गेलं. आपण विदर्भातली माणसं या बाबतीत नशीबवान आहोत. जवस हे आपलं रब्बीचं जुनं पीक, त्याची चटणी आपल्या ताटात असते, आणि नागपूरच्या कृषी महाविद्यालयात जवसाच्या वाणांवर संशोधन चालतं. एवढं सगळं घरचं असूनही आपण लाकडावर फल्ली तेल चोळतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

"आजोबा खोबरेलच लावायचे, काही बिघडलं नाही"

हा आक्षेप बरोबर आहे, पण अर्धाच. खोबरेलाने लाकूड सडत नाही, आणि त्याचा आकडा इतका कमी आहे की ते फल्ली किंवा मोहरीच्या तेलासारखं लवकर खवटही होत नाही. तेल रेषांत शिरल्यामुळे रंग गडद दिसतो, डोळ्यांना समाधान मिळतं. पण संरक्षण काही मिळत नाही. ओलं फडकं फिरवलं की ते निघून येतं, म्हणून आजोबांना ते पुन्हापुन्हा लावावं लागायचं. लाकूड टिकलं ते तेलामुळे नाही, तर पक्क्या गाभ्याचं जुनं सागवान होतं म्हणून.

नुकसान होतं ते पुढे. खोबरेल प्यायलेल्या लाकडावर नंतर जवसाचं तेल, पॉलिश किंवा पीयू नीट बसत नाही. आधी थिनरमध्ये भिजवलेल्या फडक्याने ते जुनं तेल ओढून काढावं लागतं, फडकं बदलत, अनेक वेळा.

दुकानात मागितलं की काय मिळतं

इतवारीतल्या किंवा गांधीबागेतल्या रंगाच्या दुकानात जवसाचं तेल मागा, बहुधा दुकानदार 'डबल बॉईल्ड' लिनसीड ऑईल काढून देईल. नावात 'उकळलेलं' असलं तरी हल्ली ते लवकर वाळावं म्हणून त्यात कोबाल्ट, मँगनीज अशा धातूंचे क्षार घातलेले असतात. त्यांना ड्रायर म्हणतात. कच्चं तेल वाळायला कित्येक दिवस, कधी आठवडे घेतं. बॉईल्ड साधारण एका दिवसात हाताला कोरडं लागतं. दारं, कपाटं, पलंग यांना बॉईल्ड सोयीचं. पण ते खाण्याच्या भांड्यांना लावायचं नाही आणि चुकूनही पोटात जाऊ द्यायचं नाही. घाण्यावरचं खायचं जवस तेल म्हणजे कच्चं तेल. तेही वाळतं, फक्त सबुरी हवी.

'टीक ऑईल' नावाचा डबा पाहून अनेकांना वाटतं की हे सागवानातून काढलेलं तेल असावं. तसं नाही. बहुतेक वेळा ते जवस किंवा तुंगचं तेल, थोडं व्हार्निश आणि बरंच थिनर यांचं मिश्रण असतं. वाईट नसतं, पण त्यात सागवानाचं खास असं काही नाही. तुंगचं तेल चीनमधल्या एका झाडाच्या बियांचं. ते पाण्यापुढे जवसापेक्षा जास्त टिकतं आणि पिवळंही कमी पडतं. महाग असतं, आणि त्या नावाने विकल्या जाणाऱ्या डब्यांत शुद्ध तुंग किती हे लेबल वाचूनच घ्यावं. हार्डवॅक्स ऑईल म्हणजे वाळणारं तेल आणि कडक मेण यांचं मिश्रण. जेवणाच्या टेबलासाठी मला ते साध्या तेलापेक्षा बरं वाटतं.

"सागवानात स्वतःचं तेल असतं, मग वरून कशाला?"

सागवानाच्या गाभ्यात खरोखरच अशी द्रव्यं असतात की वाळवी आणि बुरशी त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. पण बाहेरच्या पांढरट भागात ती नसतात, आणि हल्लीच्या कमी वयाच्या लागवडीच्या लाकडात हा पांढरा भाग जास्त असतो. शिवाय ही द्रव्यं चहाचा डाग अडवत नाहीत आणि उन्हाने लाकूड करडं पडणंही थांबवत नाहीत.

उलट, तेल वाळण्यात हीच द्रव्यं आडवी येतात. ती ऑक्सिजनचं काम मंद करतात, त्यामुळे सागवानावर आणि शिसवीवर जवसाचं तेल कधीकधी दिवसेंदिवस चिकट राहतं. उपाय साधा आहे. तेल लावायच्या थोडंच आधी थिनरच्या फडक्याने पृष्ठभाग पुसून घ्यायचा. वरच्या थरातली द्रव्यं निघून जातात आणि आतली वर येण्याआधी तेलाचा पहिला हात बसतो.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. पांढऱ्या लाकडाला किंवा आंब्याच्या फळीला तेल लावून वाळवी थांबत नाही. त्यासाठी वाळवीचं वेगळं औषधच लागतं.

पीयू की तेल?

पीयू, मेलामाइन किंवा लाखेचं पॉलिश लाकडाच्या वर एक वेगळा पापुद्रा तयार करतं. तेल पापुद्रा करत नाही. ते वरच्या रेषांत शिरून तिथेच घट्ट होतं. 'खोलवर जातं' असं जाहिरातीत म्हणतात, पण फळीच्या सपाट बाजूने ते एका मिलिमीटरच्याही आतच राहतं. फक्त फळीच्या कापलेल्या टोकाकडून जास्त आत जातं.

यातून बाकीचं सगळं आपोआप ठरतं. पीयूवर सांडलेलं पाणी तासभर राहिलं तरी चालतं, तेलावर लवकर पुसावं लागतं. हवेतली वाफ अडवण्यात तेल फारच कमी पडतं, म्हणजे पावसाळ्यात दार फुगायचं ते फुगणारच. गरम पातेलं, तिखट रस्सा, हळद यांपुढे तेलाचा हात टिकत नाही. मग तेल कशाला घ्यायचं? दुरुस्तीसाठी. पीयूचा पापुद्रा उन्हाने तडकला किंवा सोलला, की सगळा खरवडून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. तेलाच्या पलंगावर ओरखडा आला तर तेवढाच भाग घासायचा, थोडं तेल चोळायचं, पुसायचं. घरातला कोणीही हे करू शकतो. हाताला लागतं तेही लाकूडच, प्लास्टिक नाही. ज्या वस्तू आपण रोज हाताळतो, म्हणजे पलंगाची कड, झोपाळ्याची फळी, काठी किंवा जुन्या दाराची आतली बाजू, त्यांना मी डोळे मिटून तेल सुचवेन. ज्या घरात रोज पाच-सहा पानं वाढली जातात तिथल्या जेवणाच्या टेबलाला साधं तेल सुचवणार नाही.

लावायचं कसं, आणि पुसायचं का?

लकडगंजातून नवी फळी आणली असो की जुना पलंग असो, आधी जुनं पॉलिश पूर्ण निघायला हवं. पापुद्र्यावर तेल लावलं तर ते आत शिरत नाही, वर चिकटून बसतं. मग पॉलिश पेपर १२० नंबरपासून सुरू करून १८० किंवा २२० पर्यंत, नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने. त्याहून बारीक पेपरने लाकूड इतकं गुळगुळीत होतं की तेल कमी शोषलं जातं. धूळ पूर्ण पुसून घ्या.

पहिल्या हाताला बॉईल्ड तेलात तितकंच टर्पेंटाइन मिसळून पातळ करा, खिडक्या उघड्या ठेवा. सुती फडक्याने भरपूर लावा, कुठे कोरडं दिसेल तिथे पुन्हा लावा, विशेषतः फळीच्या टोकांना. पंधरा-वीस मिनिटं थांबा. आणि मग कोरड्या फडक्याने वरचं सगळं तेल पुसून काढा. सगळं म्हणजे सगळं. फडक्याला तेल लागायचं थांबेपर्यंत.

इथेच बहुतेकांचा हात आखडतो. पैसे देऊन आणलेलं तेल पुसून टाकायचं कसं? जाड थर ठेवला तर जास्त चमक येईल असं वाटतं. पण तेलाला वाळायला हवा लागते. जाड थराचा वरचा भाग आधी वाळून साय धरतो, खाली हवा पोचत नाही, आणि आत महिनोन्महिने चिकट लगदा राहतो. ज्यांना 'तेलाचं काम चिकट राहतं' असा अनुभव आला, त्यांच्यापैकी बहुतेकांनी पुसण्यात कसर ठेवलेली असते. तेलाच्या कामातलं कौशल्य लावण्यात नाही, पुसण्यात आहे. दोन-तीन तासांनी एकदा परत पाहा. जाड रेषांच्या लाकडात भोकांतून तेल थेंबाथेंबाने वर येतं, तेही पुसा.

दुसऱ्या दिवशी हाताला कोरडं लागलं तर दुसरा हात, या वेळी पातळ न करता आणि अगदी थोडा. असे तीन ते चार हात पुरेत. हाताला कोरडं लागणं आणि आतून पूर्ण कडक होणं यांत फरक आहे. पूर्ण कडक व्हायला दोन ते चार आठवडे लागतात. तोवर त्यावर ओली भांडी ठेवू नका, गादीही नको.

चिकट राहिलंच तर पहिल्या काही दिवसांत टर्पेंटाइनच्या फडक्याने ते निघतं. त्यानंतर खरवडावं लागतं.

तेलाच्या चिंध्या आणि आग

हा भाग वाचल्याशिवाय डबा उघडू नका. तेल ऑक्सिजन ओढतं तेव्हा उष्णता बाहेर पडते. पसरलेल्या फडक्यातून ती हवेत निघून जाते. पण तेच फडकं चुरगाळून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकलं, तर उष्णता आतल्या आत साठते, तापमान वाढलं की वाळण्याचा वेग वाढतो, त्याने आणखी उष्णता निघते, आणि काही तासांनी ते फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. फेब्रुवारी १९९१ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीला आग लागली. सुरुवात झाली ती लाकडाच्या कामासाठी वापरलेल्या जवस तेलाच्या चिंध्यांतून. तीन अग्निशामक जवान त्यात गेले.

आपल्या नागपुरात तर २३ मे २०१३ रोजी तापमान ४७.९ अंशांवर गेलेलं आहे. अशा दिवसांत फडकं मुळातच तापलेलं असतं. म्हणून प्रत्येक फडकं एकेरी उलगडून घराबाहेर, सावलीत, दोरीवर किंवा फरशीवर पसरून वाळवा. कडक झालं की मगच कचऱ्यात टाका. किंवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या लोखंडी डब्यात बुडवून ठेवा. मिस्त्री काम करून गेल्यावर त्यांच्या चिंध्या कुठे पडल्या आहेत, हे घरमालकाने स्वतः पाहायला हवं. खोबरेलाच्या फडक्याला हा धोका जवळजवळ नसतो, कारण ते वाळतच नाही. लोक गाफील राहतात ते याच सवयीमुळे.

आपलं ऊन, कूलर आणि पावसाळा

मे महिन्यातल्या दुपारी नागपूरच्या हवेतली आर्द्रता अनेकदा २० टक्क्यांच्या खाली असते. ऑगस्टमध्ये ती ८० च्या घरात जाते. एवढ्या फरकाने सागवानाची फूटभर रुंद फळीसुद्धा दोन-तीन मिलिमीटर आकसते-फुगते, आणि सागवान तर कमी हलणाऱ्या लाकडांपैकी. जुन्या वाड्यांच्या दारांत मधली फळी चौकटीच्या खाचेत मोकळी बसवलेली असते, ती याचसाठी. तिला हलायला जागा लागते. हल्ली अशा दाराची दुरुस्ती करताना फट दिसते म्हणून त्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरतात. मग पावसाळ्यात फळी फुगून चौकट फाकते. त्या फटीला हात लावू नका.

तेलाचं काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत करावं हे उत्तम. हवा कोरडी, ऊन सोसण्यासारखं. उन्हाळ्यात करायचं झालं तर सकाळी, सावलीत. तापलेल्या लाकडात शिरलेलं तेल नंतर पुन्हा वर येऊन डाग पडतात. ऑगस्टमध्ये शक्यतो नको, तेल रेंगाळतं. पावसाळ्यात दार घासतंय म्हणून लगेच रंधा मारू नका. हिवाळ्यात तेच दार सैल होईल. आणि दाराची वरची-खालची कड, जी कोणाला दिसत नाही आणि म्हणून कोरीच राहते, तिला तेलाचे हात जरूर द्या. पाणी सगळ्यात जास्त तिथूनच शिरतं.

कूलरच्या समोरच्या कपाटाची गोष्ट वेगळी. बाहेर हवा कोरडी ठणठणीत, आणि या एका फळीवर चार महिने दमट झोत. एक बाजू फुगते, दुसरी आकसते, फळी वाकते. कोणतंही तेल हे थांबवणार नाही. कूलरची दिशा बदला.

पश्चिमेकडे तोंड असलेल्या बाहेरच्या मुख्य दाराला निव्वळ जवसाचं तेल मी सुचवत नाही. ऊन लाकडातल्या लिग्निनला, म्हणजे तंतू जोडून धरणाऱ्या द्रव्याला, मोडतं. तेल ते ऊन अडवत नाही, आणि पावसाळ्यात जवसाच्या तेलावर काळी बुरशीही धरते. तिथे रंगद्रव्य असलेलं, बाहेरच्या वापरासाठी बनवलेलं फिनिश घ्या.

मुलांच्या हातातली आणि स्वयंपाकघरातली लाकडं

नंदीला कच्चं, घाण्याचं जवस तेल लावा, बॉईल्ड नको. एक-दोन अगदी पातळ हात, नीट पुसलेले. पण पोळ्याच्या आदल्या आठवड्यात नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीतच नंदी खाली काढा, म्हणजे पोळ्यापर्यंत तेल पूर्ण वाळलेलं असेल.

नंदी रंगवलेला असेल तर तेल आत जाणारच नाही. आणि जुना रंग पॉलिश पेपरने कोरडा घासू नका. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाला ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) ही मर्यादा २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं बरंच असू शकतं, आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे. असा नंदी पूजेत असू द्या, मुलाच्या हातात नवा द्या.

पोळपाट-लाटणं, रवी, काठवट यांना रोज पाणी लागतं, त्यांना कसलंच फिनिश न देणं हे अगदी योग्य आहे. फारच कोरडी, फुटकी वाटली तर खाण्याच्या दर्जाचं मिनरल ऑईल आणि थोडं मधमाशीचं मेण गरम करून चोळा. हे वाळत नाही, धुताना निघून जातं, पण खवट होत नाही. काही आठवड्यांनी पुन्हा लावायचं.

पुन्हा हात कधी द्यायचा?

पलंग, खुर्ची, आतलं दार यांना पहिल्या वर्षी एकदा, पुढे दोन-तीन वर्षांनी एखादा हात पुरतो. तारखेपेक्षा पाण्याचा थेंब विचारावा. फळीवर थेंब गोल उभा राहिला तर काही करू नका. पसरून लाकूड लगेच गडद झालं, तर ओल्या फडक्याने मळ पुसा, पूर्ण वाळू द्या, २२० चा पेपर हलकासा फिरवा, आणि एक पातळ हात देऊन पुसून काढा.